पॅसेंजर रद्द झाल्यावर

पुणे–मिरज लोहमार्गावरील पॅसेंजर गाडी रद्द होणे ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. कधी दुपदरीकरणाच्या कामासाठी ब्लॉक घेतला जातो, कधी घाटात दरड येते, कधी कृष्णा-पंचगंगेला पूर येतो, तर कधी इंजिनच वाटेत बसते. कारण कोणतेही असो, रेल्वेचा रिवाज ठरलेला आहे. स्थानकातील फळ्यावर दोन ओळी लिहिल्या जातात, ध्वनिक्षेपकावरून खेद व्यक्त होतो आणि रेल्वेपुरता तो विषय मिटतो. प्रवाशाच्या दृष्टीने तो तेथून सुरू होतो. हातात दहा-वीस रुपयांचे तिकीट, बरोबर म्हातारी आई किंवा भाजीची पाटी, आणि पुढे जायचे कसे हे सांगायला कोणी नाही, अशी ही स्थिती आहे. या स्थितीची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न आजवर कोणत्याही शासनाने गंभीरपणे विचारात घेतलेला नाही.

पॅसेंजरचा प्रवासी कोण असतो हे आधी लक्षात घेतले पाहिजे. कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसचे आरक्षण करणारा प्रवासी रेल्वेला नावानिशी ठाऊक असतो. गाडी रद्द झाली तर त्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो आणि घरबसल्या काढलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप त्याच्या खात्यात जमा होतात. पॅसेंजरमधील माणसाचे नाव रेल्वेच्या कोणत्याही यादीत नसते. तो रहिमतपूरहून मिरजेच्या रुग्णालयात निघालेला रुग्ण असतो, मसूरहून कऱ्हाडच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी असतो, किर्लोस्करवाडीच्या पाळीवर जाणारा कामगार असतो, सांगलीच्या बाजारात माल नेणारी बाई असते. त्याला गाडी रद्द झाल्याचे कळते ते फलाटावर पोहोचल्यावर. परतावा हवा असेल तर त्याला खिडकीसमोर रांगेत उभे राहावे लागते. त्या रांगेत तासभर घालवायचा की दहा रुपयांवर पाणी सोडून मिळेल ते वाहन गाठायचे, असा हिशेब त्याला करावा लागतो आणि तो बहुधा दुसराच मार्ग पत्करतो. नियमांत सोयी आहेत, पण त्यांची रचना आरक्षणवाल्याला डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. मासिक पास काढणाऱ्याची अवस्था तर याहून वाईट. गाडी धावली नाही म्हणून त्याच्या पासाचा एकही दिवस वाढत नाही.

या मार्गाचा भूगोल ज्याने नकाशावर एकदा पाहिला आहे, त्याला या प्रश्नाची दुसरी बाजू उमगेल. पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग शिरवळ, सातारा, उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका असा पश्चिमेकडून जातो. लोहमार्ग मात्र जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर असा पूर्वेकडून वळसा घेत येतो. कऱ्हाडजवळ दोघे एकमेकांच्या जवळ येतात न येतात तोच लोहमार्ग शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे असा कृष्णाकाठाने सांगलीकडे वळतो आणि महामार्ग कोल्हापूरची वाट धरतो. म्हणजे जेथे गाडी थांबते तेथून एसटीची भरपूर वर्दळ असलेला रस्ता बऱ्याचदा नदीपलीकडे किंवा कित्येक मैलांवर असतो. खुद्द साताऱ्याचे स्थानक शहरात नाही, ते माहुलीला आहे. कऱ्हाडचे स्थानक ओगलेवाडीला आहे. गाडी रद्द झालेला प्रवासी एसटी स्थानकावर जाईल असे गृहीत धरणाऱ्यांनी माहुली ते सातारा स्थानक किंवा ओगलेवाडी ते कऱ्हाड स्थानक हे अंतर रात्री नऊनंतर एकदा सामानासह कापून पाहावे.

ठिकाणपरत्वे वाट वेगळी असते आणि ती माहीत असणे हीच आज प्रवाशाची एकमेव शिदोरी आहे. लोणंदला अडकलेल्याला सालपे घाटातून वाठारमार्गे साताऱ्याला जाणारी एसटी मिळू शकते, परंतु पुढे आदर्कीला अडकलेल्याची दशा बिकट होते. रहिमतपूर व कोरेगाव येथून साताऱ्याला गाड्या आहेत. मसूरला उतरलेल्याने उंब्रज गाठले की महामार्ग मिळतो, पण उंब्रजच्या फाट्यावर थांबणाऱ्या गाड्या बहुधा कोल्हापूरच्या असतात. सांगलीकराला त्यातून पेठ नाक्यावर उतरावे लागते आणि तेथून आष्ट्याच्या रस्त्याने सांगली गाठावी लागते. हा पेठ–सांगली रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता, त्यासाठी आंदोलने झाली, निवडणुकांत आश्वासने दिली गेली, हा इतिहास सांगली जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही पाठ आहे. ताकारी-किर्लोस्करवाडीच्या टापूत अडकलेल्याने पलूस-तासगाव ही दिशा धरावी, हे त्या भागातील माणूस जाणतो. परगावच्या माणसाला ते कोण सांगणार? स्थानकात ना रस्त्याचा नकाशा असतो, ना जवळच्या आगाराचा दूरध्वनी क्रमांक, ना शेवटच्या गाडीची वेळ. चहाच्या टपरीवाला जे सांगेल ते प्रमाण मानून लोक निघतात. तो बहुधा खरे सांगतो, हे आपले सुदैव.

(शेणोलीचे नाव निघाले म्हणून सांगायचे. या स्थानकाजवळ १९४३ च्या जूनमध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रज सरकारच्या पगाराची रोकड नेणारी गाडी अडवली होती. तेव्हा आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा बराच भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. परक्या सरकारची गाडी अडवणाऱ्यांच्या नातवंडांवर आपल्याच सरकारने वाटेत अडकवलेल्या गाडीतून उतरून वाहन शोधण्याची वेळ यावी, यावर अधिक भाष्य नको.)

पुराच्या दिवसांत या साऱ्या वाटा एकाच वेळी बंद होतात, आणि व्यवस्थेची खरी कसोटी तेव्हाच लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. सांगलीचे एसटी स्थानक पाण्यात गेले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने तो सुमारे आठवडाभर बंद राहिला आणि दोन्ही बाजूंना वाहनांच्या मैलोगणती रांगा लागल्या. मिरज–कोल्हापूर लोहमार्गावरील वाहतूकही थांबली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गाव सोडून निघालेल्या लोकांची बोट उलटली आणि अनेकांचे, त्यातही स्त्रिया व मुलांचे, प्राण गेले. प्रवासाचा पर्याय नसणे ही केवळ गैरसोय नव्हे, ती कधीकधी जिवावर बेतते, याचा याहून दारुण पुरावा कोणता असू शकेल? दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले आणि महामार्ग पुन्हा बंद झाला. २००५ चा पूर तर त्याआधीच होऊन गेलेला होता. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या खोऱ्यात, कोणत्या पातळीला कोणता रस्ता बुडतो, कोणता लोहमार्ग चालू राहतो आणि प्रवाशांना कोणत्या स्थानकापर्यंत आणून तेथून कोणत्या रस्त्याने पुढे न्यायचे, हे फुटाफुटाने लिहून ठेवलेले व सर्वांना ठाऊक असलेले कोष्टक असायला हवे होते. पाटबंधारे खाते पातळी सांगते, पोलीस रस्ता बंद करतात, रेल्वे गाडी रद्द करते आणि एसटी फेरी रद्द करते. चौघेही आपापल्या कर्तव्याला चुकत नाहीत. त्या चौघांच्या मधल्या मोकळ्या जागेत प्रवासी उभा असतो.

करोनाच्या साथीने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. साथ ओसरू लागल्यावर एक्सप्रेस गाड्या आधी आल्या, पॅसेंजर मागाहून. आल्या त्याही ‘विशेष’ हे बिरुद लावून आणि एक्सप्रेसचे भाडे घेऊन. दहा रुपयांच्या किमान भाड्याचे तीस रुपये झाले. तीच गाडी, तीच बाके, तेच थांबे, बदलले फक्त नाव आणि भाडे. साधारण वर्गाचे जुने भाडे पुन्हा लागू व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. दरम्यान ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. अपुरे आणि वेळेवर न मिळणारे वेतन, त्यातून झालेल्या आत्महत्या, शासनात विलीनीकरणाची मागणी, या साऱ्याकडे पाहता त्या कामगारांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण त्या सहा महिन्यांत ग्रामीण प्रवाशाचे दोन्ही पाय एकदम लुळे झाले. लोहमार्गावर पॅसेंजर पुरेशा नव्हत्या आणि रस्त्यावर एसटी नव्हती. त्या वेळी राज्य शासनाने काय केले? खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, एवढेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी वाहतुकीची मुभा दिली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सोडताना ज्या मोकाट खासगी वाहतुकीतून सामान्य माणसाला सोडवायचे होते, तिच्याच स्वाधीन त्याला पुन्हा करण्यात आले.

या भागात या खासगी वाहतुकीचे नाव वडाप. जीपगाडी असो, सहा आसनी रिक्षा असो की काळी-पिवळी असो, ती भरेपर्यंत हलत नाही आणि भरली तरी आणखी दोघांना जागा असतेच. वडापचा चालक हा काही भांडवलदार नव्हे. बहुधा तो कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून कर्जाने गाडी घेतलेला बेकार तरुण असतो. हप्ता, डिझेल आणि वाटेतले ‘इतर’ खर्च भागवून त्याच्या हाती काय उरते हे त्यालाच ठाऊक. त्याने अडल्या वेळी हजारोंना घरी पोहोचवले आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि त्याची सेवा ही व्यवस्था नव्हे. पॅसेंजर रद्द झाली की फलाटाबाहेरचा दर वाढतो, तो किती वाढावा याला मर्यादा नाही. रात्री एकट्या स्त्रीने त्यात बसावे की नाही, याचे उत्तर कोणी द्यायचे? अपघात झाला तर विम्याचे काय, हाही प्रश्न आहेच. शिवाय एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. या सवलतींनी खेड्यातल्या बाईच्या हिंडण्याफिरण्याला जे बळ दिले ते मोठे आहे. पण पॅसेंजर रद्द झाली आणि एसटी वेळेवर मिळाली नाही की याच म्हातारीला आणि याच बाईला वडापचे पूर्ण, किंबहुना वाढीव भाडे द्यावे लागते. कागदावरील सवलत अशा दिवशी फाट्यावरच राहते.

रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे. एकेरी मार्गावर दोन गाड्यांना एकमेकींसाठी स्थानकात थांबावे लागते, आणि अशा थांबण्यात सर्वात आधी बळी जातो तो पॅसेंजरचा. एक्सप्रेस पुढे काढायची म्हणून पॅसेंजर बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभी राहते, हा या मार्गावरील दोन पिढ्यांचा अनुभव आहे. तेव्हा दुपदरीकरण हवेच. ते करायचे तर जुना मार्ग नव्याला जोडण्यासाठी काही दिवस वाहतूक बंद ठेवावी लागणार, हेही मान्य. सिग्नल आणि रुळांचे काम चालू असताना गाडी चालवा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पूर तर कोणाच्याच हातात नाही. वाद गाडी रद्द करण्याबद्दल नाहीच. ब्लॉकची तारीख रेल्वेला कित्येक दिवस आधी ठाऊक असते. कोणत्या गाड्या रद्द होणार, कोणत्या साताऱ्यापर्यंत किंवा मिरजेपर्यंतच येणार, हे कागदावर ठरलेले असते. तो कागद पुण्याच्या विभागीय कार्यालयातून वृत्तपत्रांकडे जातो. तो एसटीच्या सातारा व सांगली विभाग नियंत्रकांकडेही त्याच दिवशी का जात नाही, आणि गेलाच तर त्यावर त्यांनी काय करायचे हे का ठरलेले नाही, एवढाच प्रश्न आहे.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू लागले तर त्याला मुंबईकडे बोट दाखवावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडण्यासाठी मध्य रेल्वेने मोठा ब्लॉक घेतला तेव्हा बेस्टने जादा बसगाड्या सोडल्या. २०२४ च्या मे-जूनमध्ये ठाण्याच्या फलाटाच्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा ब्लॉक झाला तेव्हाही बेस्ट आणि एसटी दोघांनी जादा गाड्यांची व्यवस्था केली. म्हणजे रेल्वे आणि बस यांनी एकमेकांना आधी कळवणे, गाड्या उभ्या करणे, प्रवाशांना सांगणे हे सारे जमते. मुंबईत ते करणे भाग असते, कारण तेथे लोकल थांबली की मंत्रालयापासून शेअर बाजारापर्यंत सर्वांचा खोळंबा होतो. तारगावच्या फलाटावरील चाळीस माणसांच्या खोळंब्याने असा कोणाचा खोळंबा होत नाही.

मिरजेनेच एक दाखला घालून दिलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले होते. तेव्हा राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात टाकीच्या वाघिणी धुऊन स्वच्छ करण्यात आल्या, मिरजेत नळ टाकून त्या भरण्याची सोय उभारण्यात आली आणि ११ एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरकडे निघाली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीने एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. रेल्वे केंद्राची, पाणी राज्याचे, नळ स्थानिक यंत्रणेचा, पण त्या वेळी अधिकारक्षेत्राचा वाद कोणी घातला नाही. कृष्णेचे पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर पोहोचवण्यासाठी जी यंत्रणा काही दिवसांत एकत्र आली, तिला कऱ्हाडच्या फलाटावरील माणसे सांगलीला पोहोचवण्यासाठी दोन बसगाड्या ओगलेवाडीला आणता येत नाहीत, हे पटण्यासारखे नाही.

परदेशांत याला कायद्याचे स्वरूप आहे. जर्मनीत लोहमार्ग बंद असला की रेल्वेच्या बदली बसगाड्या धावतात. त्यांच्या वेळा छापलेल्या असतात आणि रेल्वेचेच तिकीट त्यांत चालते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचे सुधारित नियम केले, ते जून २०२३ पासून अमलात आले. गाडी पुढे जाऊ शकत नसेल तर पर्यायी वाहतुकीची व्यवस्था शक्य तितक्या लवकर करणे हे त्यात रेल्वे कंपनीचे कर्तव्य ठरवले आहे. आपल्या नियमांतही पुरामुळे अथवा अपघातामुळे प्रवास मध्येच खुंटला आणि रेल्वे प्रवाशाला पुढे पोहोचवू शकली नाही, तर संपूर्ण भाडे परत करण्याची तरतूद आहे. परंतु पैसे परत करणे आणि माणूस पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरजेच्या रुग्णालयात सकाळी दहाची वेळ मिळालेल्या रुग्णाला वीस रुपये परत मिळून काय उपयोग?

मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा द्वितीय वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला. आज तो क्षुल्लक वाटेल, पण रेल्वेच्या खर्चाने कोणाच्या पाठीला आराम द्यायचा, याचा तो निर्णय होता. आज वंदे भारतच्या खुर्च्यांवर ज्या हौसेने खर्च होतो, त्या हौसेचा लहानसा अंश साधारण वर्गाच्या वाट्याला आला तर पुढील व्यवस्था अवघड नाही. गाडी रद्द झाली वा वाटेत खुंटली की स्थानक अधीक्षकाने जवळच्या आगारप्रमुखाला कळवणे बंधनकारक व्हावे. कोरेगाव, कऱ्हाड, पलूस, मिरज ही आगारे या मार्गाच्या जवळ आहेत, त्यांनी अशा प्रसंगी किती गाड्या आणि कोणत्या स्थानकावर पाठवायच्या हे आधीच लेखी ठरावे. पॅसेंजरचे तिकीट त्या गाडीत ग्राह्य धरावे आणि त्याचा हिशेब रेल्वे व महामंडळाने नंतर आपसात करावा, त्यासाठी प्रवाशाला खिडकीवर उभे करू नये. पासधारकाला बुडालेल्या दिवसांची वाढ मिळावी. प्रत्येक स्थानकात आगाराचा क्रमांक, जवळच्या बसरस्त्याची दिशा आणि शेवटच्या गाडीची वेळ मराठीत रंगवलेली असावी, याला तर रंगाच्या डब्याखेरीज काहीच लागत नाही.

आक्षेप पैशाचा येईल. एसटीकडे आहेत त्याच फेऱ्यांना गाड्या पुरत नाहीत, जुन्या गाड्या रस्त्यात बंद पडतात, तोटा डोक्यावर आहे, जानेवारी २०२५ मध्ये जवळपास पंधरा टक्के भाडेवाढ करूनही ओढाताण संपलेली नाही, हे सारे खरे आहे. म्हणूनच ब्लॉकच्या दिवसांतील जादा गाड्यांचा खर्च एसटीच्या माथी मारता कामा नये. दुपदरीकरणाच्या अंदाजपत्रकात खडी, रूळ, पूल, सिग्नल या सर्वांची कलमे असतात. काम चालू असताना ज्यांची गाडी बंद राहणार त्यांच्या वाहतुकीचे कलम त्यात घालावे. ज्या ठेकेदाराला रस्त्याचे काम दिले जाते त्याला पर्यायी कच्चा रस्ता करून देण्याची अट घातली जाते, त्याच न्यायाने हे व्हावे. पुराच्या दिवसांतील खर्च आपत्ती निवारणाच्या निधीतून व्हावा.

दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दरवर्षी मे महिन्यात पावसाळापूर्व बैठक होते. पाटबंधारे, पोलीस, महसूल, आरोग्य ही खाती तेथे आपापले आराखडे मांडतात. येत्या बैठकीत मध्य रेल्वेच्या पुणे विभागाचा अधिकारी आणि एसटीचे दोन्ही विभाग नियंत्रक यांना एकाच मेजावर बसवून स्थानकवार यादी तयार करून घ्यावी आणि ती ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लावावी. दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी नव्या गाड्यांना झेंडे दाखवण्याच्या समारंभांतून थोडा वेळ काढून ही यादी मागितली, तर ती पावसाळ्यापूर्वी तयार होऊ शकते.